३४ फुटी बोट, दोन माणसं: मुंबई ते कोची प्रवासाच्या तयारीचं एक प्रकरण

समुद्रमार्गे सरळ गेलं तर मुंबईहून कोची पावणेसहाशे सागरी मैलांच्या घरात पडते. खाड्या आणि बंदरं धरत, मुक्काम करत गेलं तर अंतर बरंच वाढतं. पन्नाशी ओलांडलेल्या पुण्याच्या एका जोडप्याने आपल्या शिडाच्या बोटीने हा प्रवास करायचं ठरवलं आणि निघण्याआधी बोट तपासायला मला बोलावलं. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्यांची तयारी मी जवळून पाहिली. त्यांच्या संमतीने ती इथे मांडतो आहे. नावं नकोत असं दोघांनी सांगितलं, म्हणून ‘तो’ आणि ‘ती’ एवढंच.

बोट फायबरची, एका डोलकाठीची, वीसेक वर्षं जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तळाखालचा कणा धरून तिला १.७ मीटर पाणी लागतं. आत २९ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. तो कारखान्यात देखभाल विभागात आयुष्य काढलेला माणूस, यंत्राचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा. ती कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल विभागात होती, मुंबई बंदरात लहान शिडाच्या होड्या चालवलेली. वाऱ्याची दिशा तिला मानेवर कळते. आजवर दोघांनी गेटवेसमोरून मांडवा, फार तर मुरूडपर्यंत मजल मारली होती, तीही शनिवार-रविवारी.

त्याने मला पाठवलेली यादी फार मेहनतीने केलेली होती. नवा प्लॉटर (पडद्यावर नकाशा आणि बोटीची जागा दाखवणारं यंत्र), खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र, जादा बॅटऱ्या, मोठा फ्रीज, नवी शिडं. प्रत्येक वस्तूपुढे किंमत आणि तारीख. शेवटचा रकाना होता ‘जबाबदारी’. इंजिन, डिझेल, वायरिंग, रेडिओ यांच्यापुढे त्याचं नाव. शिडं, दोर, नांगर, नकाशे यांच्यापुढे तिचं. स्वयंपाक आणि औषधंही तिच्याकडेच. दोघांची नावं एकत्र आहेत अशी एकही ओळ त्या यादीत नव्हती.

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ त्या रकान्यात आहे. घरात अशी वाटणी चालते, कारण घर रात्री थांबलेलं असतं. बोट चालू असते. दोघांच्या बोटीवर एक झोपला की दुसरा एकटा, आणि लांबच्या प्रवासात बहुतेक वेळ कोणीतरी एक झोपलेलाच असतो. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून ‘तारिणी’ घेऊन निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला परतल्या. ५६ फुटांची बोट, माणसं दोनच. त्यांच्यामागे कित्येक वर्षांचं प्रशिक्षण होतं, त्यामुळे त्यांच्याशी आपली बरोबरी नाही. पण एकीचा डोळा लागला असताना बोट पूर्णपणे दुसरीच्या हाती, ही अट दोन्हीकडे तीच.

म्हणून यादी बाजूला ठेवून आम्ही प्रत्येक कामाला एकच प्रश्न लावला: हे एकट्याला जमेल का, आणि दोघांपैकी कोणालाही जमेल का? पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यातून निघाले.

निघायचं कधी

दिवाळी झाली की लगेच निघू, असा त्याचा विचार होता. मी अडवलं. पाऊस थांबला म्हणजे अरबी समुद्र शांत झाला असं नाही. इथे चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत, एक मे-जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. ‘क्यार’ ऑक्टोबर २०१९ मधलं. ‘ओखी’ २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस आलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळलं. त्या वेळी केरळचे शेकडो मच्छीमार आपल्या बोटींसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर आसऱ्याला आले होते. त्यामुळे डिसेंबरचा मध्य ठरवला, आणि तोही दगडावरची रेघ नव्हे. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज पाहायचा आणि दक्षिण अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा दिसला की बंदर सोडायचं नाही, असं ठरलं.

हिवाळ्यात या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक असतं. रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास तो मरतो, थोडा वेळ समुद्र आरशासारखा होतो आणि मग वायव्येचा खारा वारा सुरू होऊन संध्याकाळपर्यंत वाढत जातो. दक्षिणेला जाणाऱ्याला हा दुपारचा वारा पाठीवर मिळतो. किनाऱ्याने वाहणारा प्रवाह मात्र हिवाळ्यात उत्तरेकडे, म्हणजे उलटा असतो. महाराष्ट्रापुढे तो जेमतेम जाणवतो, खाली गेल्यावर वेग थोडा खातो. येताना हे सगळं उलटं होणार, हे त्यांना मी तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

पैसे कुठे गेले

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर होती, तेव्हाच तळ, झडपा आणि डोलकाठीचे ताण तपासून झाले. डोलकाठी उभी धरणाऱ्या स्टीलच्या तारा कधी बदलल्या याची नोंद आधीच्या मालकाकडे नव्हती. दोन ठिकाणी टोकाच्या जोडापाशी गंजाची लालसर रेघ उतरलेली होती. अशा तारांचं आयुष्य साधारण १० ते १५ वर्षं धरतात. इथे वयच माहीत नाही, तर वाद कशाला? सगळ्या तारा बदलायच्या. तळातून पाणी आत घेणाऱ्या झडपांपैकी एक खरवडल्यावर गुलाबी दिसली. पितळातलं जस्त समुद्राने खाल्लं की असा रंग येतो, आणि मग ती झडप एके दिवशी हातात तुटून येते. तीही बदलली, आणि प्रत्येक झडपेला तिच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवली. अंधारात, गुडघाभर पाण्यात खुंटी शोधायला वेळ नसतो.

हा खर्च मोठा झाला आणि त्याला तो लागला. पाण्याचं यंत्र गेलं, नवा प्लॉटर गेला, मोठा फ्रीज गेला. पाण्याचा हिशेब मांडला तर त्या यंत्राची गरजही नव्हती. पिणं, स्वयंपाक आणि जुजबी धुणं धरून दोघांना दिवसाला १२ लिटर, टाकी २०० लिटरची, आणि तीन-चार दिवसांत कुठलं तरी बंदर येतंच. फक्त सगळं पाणी एका टाकीत ठेवू नका, दोन कॅन वेगळे भरा, एवढं सांगितलं. टाकीत खारं पाणी किंवा डिझेल उतरलं तर प्यायला काहीतरी राहिलं पाहिजे.

इंजिनाची तपासणी तिने केली. हा माझा आग्रह होता. तो शेजारी बसला, पण हात लावायचा नाही आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. सुरुवातीला त्याला ते जड गेलं. पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) काढून नवा बसवणं, पट्टा बदलणं, डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढणं, समुद्राच्या पाण्याची गाळणी साफ करणं, ही चार कामं तिने त्याच्या मदतीशिवाय करून दाखवली. मग तीच कामं डोक्याला बॅटरी लावून अंधारात केली. हत्यारं त्याच्या पेटीत शोधावी लागत होती. म्हणून या चार कामांपुरती वेगळी पिशवी करून इंजिनाच्या झाकणाच्या आत टांगली.

डिझेलची टाकी उघडली तेव्हा तळाशी काळा चिकट गाळ निघाला. शांत पाण्यात तो तळाशीच राहतो. बोट दोन-तीन तास जोरात हलली की ढवळून वर येतो आणि फिल्टर चोंदवतो, म्हणजे नेमकं खाडीच्या खडकाळ तोंडाशी, लाटा फुटत असताना इंजिन बंद पडतं. टाकी धुऊन कोरडी केली. दर तासाला अडीच लिटर आणि वेग पाच मैल धरला, तर ११० लिटरमध्ये ४४ तास मिळतात. एक तृतीयांश राखीव ठेवला की उरतात साधारण ३० तास, म्हणजे दीडशे मैल. या किनाऱ्यावर मासेमारी बंदरातला डिझेल पंप तुमच्यासाठी असेलच असं नाही. गावातल्या पेट्रोल पंपावरून कॅन भरून रिक्षाने आणावे लागतात. म्हणून निम्मी टाकी उरली की भरायची, हा नियम.

पाण्यात पडलेला माणूस

या भागावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला त्याचं समाधान आहे.

नोव्हेंबरमध्ये, भांगाच्या दिवशी (भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा), मांडव्याच्या पुढे, ओळखीच्यांची एक होडी शेजारी उभी ठेवून तो लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरला. शुद्ध हरपल्यासारखं राहायचं, शिडीला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. तिने बोट सुरेख वळवली, वाऱ्यात आणून त्याच्या शेजारी उभी केली. आणि तिथेच सगळं थांबलं. त्याचं वजन ८२ किलो, बोटीची कड पाण्यापासून मीटरभर उंच. जॅकेटला धरून ओढलं तर खांदेही वर येईनात. शिडाच्या दोराने उचलायचं तर तो दोर डोलकाठीवरच्या विंचवर (दोर ओढायच्या चकरीवर), आणि तिथे उभं राहिलं की पाण्यातला माणूस दिसत नाही. पंधरा-वीस मिनिटं तिने सगळं करून पाहिलं. शेवटी तोच शिडीने वर आला. बराच वेळ ती काही बोलली नाही.

उपाय सोपा आहे, पण तो बंदरात असतानाच करून ठेवावा लागतो. चार पदरी कप्पीचा संच आणला. तो शिडाच्या दोराला अडकवून डोलकाठीवर उंच चढवायचा, खालचं टोक तरंगत्या पट्ट्याला, आणि ओढायचा दोर मागे सुकाणूजवळच्या विंचवर. चौपट फायदा कप्पीचा, उरलेला विंचचा. पुढच्या वेळी तिने त्याला एकटीने, घाई न करता, कठड्यावरून आत घेतलं. संच आता मागच्या पेटीत सगळ्यात वर, लाल पिशवीत असतो.

मग बाजू बदलल्या. तिला पाण्यात न उतरवता फेंडरला (बोटीच्या कडेला टांगायच्या हवेच्या फुग्याला) पाण्याने भरलेली बादली बांधून टाकली आणि त्याला म्हटलं, आण परत. उचलणं त्याला अवघड गेलं नसतं, पण त्याला तिथवर पोचताच येईना. शिडं सोडायची की धरायची, वाऱ्याच्या कुठल्या बाजूने यायचं, याचा गोंधळ. दोनदा तो पुढे निघून गेला. तिसऱ्यांदा त्याने इंजिन चालू करायला हात घातला तेव्हा एक दोर पाण्यात लोंबत होता. बोटीचा पाण्याखालचा पंखा फिरला असता तर तो दोर त्यात गेला असता. त्याला सुबक वळण शिकवत बसलो नाही, एकच गोष्ट पक्की करून घेतली. माणूस पडला की ताबडतोब बोट वाऱ्यातून वळवायची आणि पुढचं शीड न सोडता उलटं भरू द्यायचं. बोट तिथल्या तिथे मंदावते. मग बाहेर लोंबणारा प्रत्येक दोर आत घ्यायचा, तो आत आल्याची खात्री करायची, आणि त्यानंतरच इंजिन. अरबी समुद्राचं पाणी गरम आहे, थंडीने माणूस पटकन जात नाही. तो नजरेआड होतो, हा इथला धोका आहे. मीटरभर लाटेत माणसाचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही.

नियम ठरला: अंधार पडला किंवा वर एकटं असलं की कमरेचा पट्टा बोटीला अडकवलेला असलाच पाहिजे. आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय कोणीही डोलकाठीच्या पुढे जायचं नाही. झोपमोड झाली म्हणून कोणी रागवायचं नाही, हेही त्यात लिहिलं.

नांगर आणि भरती

त्यांच्याकडे ३० मीटर साखळी होती आणि मुरूडला ती पुरली होती, म्हणून ती पुरेशी आहे असा त्यांचा समज. हिशेब मांडून दाखवला. मुरूडजवळच्या राजपुरीच्या खाडीत ओहोटीला ४ मीटर पाणी आहे असं धरा. उधाणाला त्यात आणखी ४ मीटर येणार. नांगराची साखळी जिथून सुटते ते बोटीचं नाक पाण्यापासून १ मीटर वर. एकूण ९ मीटर, आणि साखळी निदान पाचपट हवी, म्हणजे ४५ मीटर. ते ओहोटीला नांगर टाकून फक्त ५ मीटरचा हिशेब करत होते. त्या दिवशी भांगाची भरती होती म्हणून निभावलं.

२० मीटर साखळी वाढवली. पण ८ मिलिमीटर जाडीची साखळी मीटरला जवळजवळ दीड किलो भरते, वर १५ किलोचा नांगर आणि कोकणातल्या खाड्यांचा चिखल तो सहजी सोडत नाही. त्याच्या कमरेचं जुनं दुखणं आहे. एकट्याला जमेल का? नाही. म्हणून पुढे हाताने फिरवायचं नांगरयंत्र बसवलं. विजेचं नको, कारण बॅटरी उतरल्यावर नांगर उचलता आला पाहिजे. चिखलासाठी रुंद पात्यांचा दुसरा नांगरही घेतला.

मुंबईत उधाणाला साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो, गोव्याला दोनेक मीटर, कोचीला मीटरभरही नाही. दक्षिणेला जाल तसा हा त्रास कमी होतो, पण सोयही जाते. उत्तरेत वाळूच्या दांड्यावर बोट रुतली तर पुढची भरती तिला उचलते. खाली गेल्यावर तेवढा भरवसा नाही. बाणकोट, दाभोळ अशा नद्यांच्या मुखांशी वाळूचे दांडे असतात आणि ते पावसाळ्यात सरकतात. डेहराडूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे उत्तम आहेत, पण गेल्या पावसाळ्यात वाळू कुठे गेली ते तिथल्या तांडेलालाच (मासेमारी बोटीच्या प्रमुखालाच) माहीत. १.७ मीटर पाणी लागणाऱ्या बोटीने अशा तोंडात शिरायचं ते चढत्या भरतीला, निम्मी भरती झाल्यावर, उजेडात, आणि शक्य तर आत जाणाऱ्या मासेमारी बोटीच्या मागे.

तिला कोळ्यांचं तिथीचं गणित आवडलं: तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडची भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. भरतीचं कोष्टक छापील ठेवायचंच, पण फोन बंद असताना डोक्यात काही असावं.

जाळी

प्रवास रात्रीचा की दिवसाचा, यावर दोघांत खरा मतभेद होता. तिला रात्री चालायचं होतं. मतलई वारा आडवा मिळतो, समुद्र सपाट असतो, ऊन नाही. शिडाच्या दृष्टीने तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ डोलीच्या (एका जागी रोवलेल्या) जाळ्यांचे खुंट, मैल-दीड मैल पसरलेली तरती जाळी, थर्माकोलचे बोये, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर दिवा नाही. लहान होड्यांवर एआयएसही (आपली जागा इतर बोटींना रेडिओवरून कळवणारं यंत्र) नसतं, म्हणजे पडद्यावर समुद्र मोकळा दिसतो आणि प्रत्यक्षात नसतो. जाळं पंख्यात गेलं तर एकटा माणूस रात्री पाण्यात उतरून ते कापणार का? तिने स्वतःच मान हलवली.

त्यामुळे गोव्यापर्यंत दिवसाचे टप्पे आखले: मुरूड, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. पहाटे फटफटताना निघायचं, चारच्या आत नांगर पडला पाहिजे. विजयदुर्ग आणि देवगड ही दोन्ही उत्तम आसऱ्याची ठिकाणं, वारा फिरला तर तिथे मुक्काम वाढवायचा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकच खडक, उशीर झाला तर तिथे शिरायचंच नाही. त्यापुढे वेंगुर्ल्याच्या खडकांना बाहेरून वळसा घालून जायचं.

आणखी एक गोष्ट मी त्यांच्याकडून कबूल करून घेतली, आणि ती मला सुरक्षिततेइतकीच महत्त्वाची वाटते. जाळं अडकलं तर सुरी हे शेवटचं साधन. आधी थांबायचं, जाळ्याच्या मालकाची वाट पाहायची, हाक मारायची, सोडवता येतं का बघायचं. आपण हौसेने फिरतोय. त्या जाळ्यावर एका घराचा हंगाम अवलंबून असतो. कापावंच लागलं तर मालकाला शोधून भरपाई द्यायची, आणि त्यासाठी रोख रक्कम वेगळी बाजूला ठेवायची. त्यांनी ठेवली.

संपर्क, कागद, स्वयंपाक

परदेशातले प्रवासी उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र सर्रास वापरतात. भारतात थुराया, इरिडियम यांचे फोन आणि तशी संदेशयंत्रं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर त्यावरून परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. त्याच्या यादीत असं एक यंत्र होतं, ते काढायला लावलं. त्याऐवजी ४०६ मेगाहर्ट्झचा संकटसूचक, ईपीआयआरबी, रीतसर नोंदणी करून घेतला. त्याचा इशारा उपग्रहावरून इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्रात आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातो. व्हीएचएफवर (बोटींच्या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर) वाहिनी १६ कायम उघडी. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

रेडिओवर ती कधी बोललीच नव्हती. संकटाच्या वेळी काय बोलायचं ते कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवलं, इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत. पहिली मदत बहुधा शेजारच्या मासेमारी बोटीकडून येते आणि ती इंग्रजी ऐकत बसलेली नसते. कारवारच्या पुढे कन्नड आणि मल्याळम लागणार, म्हणून ‘पाणी आत येतंय’, ‘माणूस पाण्यात’, ‘दोर द्या’ अशी पाच-सहा वाक्यं देवनागरीत लिहून घेतली. पुण्यातला भाचा रोज रात्री ९ पर्यंत फोनची वाट पाहणार, आला नाही तर कोणाला आणि कोणत्या क्रमाने कळवायचं ते त्याच्याकडे लेखी.

नोंदणी, विमा, ओळखपत्रांच्या प्रती एका जलरोधक पिशवीत. २६/११ नंतर सागरी पोलीस आणि तटरक्षक दल अनोळखी बोट थांबवून विचारतातच, आणि ते योग्यच आहे. कारवारला नौदलाचा तळ आहे, त्या परिसरापासून लांब राहायचं.

स्वयंपाकाबद्दल थोडं. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. ५ किलोचा सिलिंडर वरच्या, बाहेर निचरा असलेल्या कप्प्यात हलवला आणि स्वयंपाक झाला की कॉक सिलिंडरपाशीच बंद करायचा. हलत्या बोटीवर झाकण घट्ट बसणारा प्रेशर कुकर हे सगळ्यात सुरक्षित भांडं. उकळतं सांडत नाही. छोटा फ्रीज फक्त इंजिन चालू असताना, कारण दोन सौर तावदानांतून दिवसाला मिळणारी वीज स्वयंचलित सुकाणू आणि रात्रीचा नांगरदिवा यांच्यासाठी राखलेली. भाजणी, मेतकूट, सुकट, लिंबं, गूळ, चिक्की. आणि रात्रीच्या पहाऱ्यासाठी थर्मासमधला चहा. स्वयंपाकाच्या ओळीपुढे आता त्याचंही नाव आहे. खिचडी आणि पिठलं तो उत्तम करतो.

सराव आणि प्रवास

निघण्याआधी मुरूडला जाऊन-येऊन सराव केला. जाताना बोट पूर्ण त्याची, येताना पूर्ण तिची, दुसऱ्याने प्रवासी म्हणून बसायचं. त्याला शीड कमी करायला फार वेळ लागला. दोरांवर खुणा नव्हत्या, तिच्या हातांना त्या लागत नव्हत्या इतकंच. रंगीत धागे शिवून खुणा केल्या. तिला विजेच्या पट्टीवरचं कुठलं बटण कशाचं ते माहीत नव्हतं. मराठीत लेबलं लावली.

डिसेंबरमध्ये ते निघाले. रत्नागिरी सोडल्यावर इंजिनाच्या उष्णतेचा भोंगा वाजला तेव्हा तो खाली झोपला होता. तिने इंजिन बंद केलं, शिडावर बोट किनाऱ्यापासून लांब वळवली, झडप मिटवली, गाळणी उघडली आणि आत ओढली गेलेली प्लास्टिकची पिशवी काढली. भोंग्याने तो जागा झाला होता. तिने हाक मारेपर्यंत तो जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. तेवढं थांबणं सोपं नव्हतं, असं त्याने मला नंतर फोनवर सांगितलं.

तयारीत एक गोष्ट कमी पडली, ती विश्रांतीची. आम्ही टप्पे मोजले, डिझेल मोजलं, पण सलग चालल्यावर माणूस किती थकतो ते नीट धरलं नाही. मालवणपुढे नांगरावर दोन रात्री बोट एवढी डुलत होती की कोणाला झोप लागली नाही, आणि तिसऱ्या दिवशी गोव्याकडे निघताना तिने नकाशावरचा एक आकडा चुकीचा वाचला. त्याने तो पाहिला. नकाशे तो वाचायला शिकला होता, म्हणून पाहू शकला. गोव्याच्या मांडवी नदीत पोचल्यावर त्यांनी आठवडाभर मुक्काम केला. त्यानंतर तीन दिवस चालल्यावर एक पूर्ण दिवस थांबायचं, असं वेळापत्रक बदलून ते कारवारला वळसा घालून टप्प्याटप्प्याने कोचीला पोचले. बोट आता कोचीच्या बोलगट्टी बेटावरच्या मरीनात (बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यात) आहे.

परतीचा निर्णय अजून चालू आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारचा वायव्य वारा थेट तोंडावर येणार, म्हणजे शिडाने येण्यात दिवस दुप्पट. मतलई वाऱ्यावर यायचं तर रात्री दोन-तीनला निघावं लागेल, आणि मग अंधारातल्या जाळ्यांचा प्रश्न. तिचं मत, किनाऱ्यापासून आणखी लांबून, चांदण्या पंधरवड्यात, एक पहाऱ्यावर आणि दुसरा कपड्यांनिशी जवळच झोपलेला, असं यावं. तो म्हणतो, तिसरा माणूस घेऊ किंवा बोट हंगामभर कोचीतच ठेवू. मी तिसऱ्या माणसाच्या बाजूने आहे. त्याआधी तळ खरवडून घ्यायचा आहे, कारण गरम पाण्यात काही आठवड्यांत शेवाळ आणि शिंपल्यांनी अर्धा मैल वेग खाल्ला आहे. आणि दीडशे मैलांचा डिझेलचा हिशेब उलट्या वाऱ्यात शंभरावर येतो, तो धरून भटकळ, कारवार, पणजी असे डिझेलचे थांबे नव्याने आखायचे आहेत.